सोनोमा-नापा: वाइनच्या खोऱ्यातले ऐतिहासिक फलक कसे शोधायचे, कसे वाचायचे

कोनशिला

सोनोमाच्या मिशनसमोर (पाद्र्यांच्या जुन्या धर्मप्रसार केंद्रासमोर) बहुतेक लोक कोपऱ्यावरच्या पांढऱ्या चर्चचा फोटो काढतात आणि खाली '१८२३' लिहितात. चर्च १८२३ चं नाही. मिशन सान फ्रान्सिस्को सोलानोची स्थापना ४ जुलै १८२३ ला फादर होजे आल्तिमिरा यांनी केली, हे खरं. कॅलिफोर्नियातल्या २१ मिशनांमधलं हे शेवटचं, सगळ्यात उत्तरेकडचं, आणि मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाल्यावर स्थापन झालेलं एकमेव. पण आज दिसतं ते चर्च मेक्सिकोचे इथले लष्करी अधिकारी जनरल मारियानो वायेहो यांनी गावासाठी १८४१ च्या सुमारास बांधून घेतलं. त्याला लागून पूर्वेला लांब ओसरीची, बसकी, मातीच्या विटांची इमारत आहे, ते पाद्र्यांचं निवासस्थान. गावातली सर्वांत जुनी वास्तू ती. फोटो तिचा काढा.

बे एरियातून इतकी मराठी मंडळी दर शनिवार-रविवार तिकडे जातात, म्हणून हा धागा. वायनऱ्यांबद्दल माहिती भरपूर मिळते. इथे फलक, स्मारकं आणि जुन्या वास्तूंबद्दलच लिहावं ही विनंती.

आधी क्रमांकांचा गोंधळ मिटवू. ब्राँझच्या फलकावर 'कॅलिफोर्निया हिस्टॉरिकल लँडमार्क नंबर अमुक' असं असतं. तो नोंदणीचा अनुक्रम आहे, महत्त्वाचा नव्हे. मिशन ३, वायेहोंचं घर ४, बेअर फ्लॅग स्मारक ७, ब्लू विंग इन १७, ब्वेना व्हिस्टा वायनरी ३९२. नापाकडे बेल मिल ही पाणचक्की ३५९, आणि वायनऱ्यांत चार्ल्स क्रुग ५६३, बेरिंजर ८१४, श्रॅम्सबर्ग ५६१. ७७० आणि त्यापुढचे क्रमांक राज्याच्या ऐतिहासिक नोंदवहीत आपोआप जातात, त्याआधीचे जात नाहीत. कारण सुरुवातीच्या काळात निकष सैल होते. म्हणून छोटा क्रमांक दिसला की मजकूर जास्त डोळसपणे वाचायचा.

दुसरं, नावात 'साइट ऑफ' असेल तर तिथे वास्तू नाही. फलक आणि रस्ता, एवढंच. तरी जायला हरकत नाही, पण मुलांना आधी सांगून ठेवा.

सोनोमा गावातला क्रम असा ठेवावा. गाडी बराकीमागच्या मोफत पार्किंगमध्ये लावायची, कारण चौकाभोवतीच्या जागांना वेळेची मर्यादा आहे. मिशन, समोरचं ब्लू विंग इन (बाहेरून), मग स्पेन स्ट्रीटवरून पश्चिमेकडे बराक आणि टोस्कानो हॉटेल, मग रस्ता ओलांडून चौकातलं बेअर फ्लॅग स्मारक, आणि शेवटी पश्चिमेला अर्ध्या मैलावर वायेहोंचं घर, लाक्रिमा माँटिस. सगळं सपाट चालणं आहे. निवांत बघत तीन तास लागतात. मिशन, बराक आणि वायेहोंचं घर एकाच तिकिटात होतं, आणि तेच तिकीट त्या दिवशी पेटालुमा अडोबीलाही (वायेहोंच्या रँचवरची मातीच्या विटांची जुनी वास्तू) चालतं. ते जपून ठेवा. साधारण १० ते ५ उघडं असतं, तरी निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची वेळ बघावी.

पुसट अक्षरे

कोनशिला, उत्तम सुरुवात. मिशनमध्ये एक गोष्ट लोक हमखास चुकवतात, कारण ती तिकीटखिडकीच्या वाटेवर नाही. चर्चच्या बाजूला, फर्स्ट स्ट्रीट ईस्टकडे, ग्रॅनाइटचं एक लांब स्मारक आहे. मिशनच्या काळात इथे मेलेल्या आणि इथेच पुरलेल्या कोस्ट मिवोक, पटविन, वाप्पो आणि पोमो लोकांची आठशेहून जास्त नावं त्यावर कोरली आहेत. १९९९ मध्ये ते उभं राहिलं, म्हणजे मिशनच्या स्थापनेनंतर पावणेदोनशे वर्षांनी.

ती नावं एकेक करून वाचा. सगळी स्पॅनिश आहेत, बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेली. आईबापांनी ठेवलेलं नाव मिशनच्या दफनवहीतून मिळणार नव्हतं, म्हणून दगडावर तेच आलं. मिशनच्या भिंती, शेतं आणि पहिली द्राक्षबाग ज्यांच्या हातांनी झाली ती हीच माणसं. ओसरीत उभं राहण्याआधी पाच मिनिटं इथे थांबा, असं मी आग्रहानं सांगेन.

वेलमांडव

ब्वेना व्हिस्टाबद्दल लिहिते. चौकापासून गाडीनं पाच-सात मिनिटं, ओल्ड वायनरी रोडच्या टोकाला. ऑगोस्टोन हरास्थी या हंगेरियन गृहस्थांनी १८५७ मध्ये सुरू केलेली. दगडी प्रेस हाउस १८६० च्या दशकातलं आहे. डोंगरात खोदलेल्या तळघरांचं काम चिनी मजुरांनी केलं. बेरिंजर आणि श्रॅम्सबर्गचे बोगदेही चिनी मजुरांचेच. पहार-कुदळीनं ज्वालामुखीच्या खडकात खोदलेले. आत गेलात तर भिंतीवर हत्यारांचे ओरखडे बघा, तिरपे आणि एका लयीत आहेत.

हरास्थींना 'कॅलिफोर्नियाच्या द्राक्षशेतीचे जनक' म्हणायची जुनी प्रथा आहे. ते वाचताना दोन गोष्टी ध्यानात असू द्या.

एक, त्यांच्या आधी मिशनच्या बागा होत्याच, आणि लॉस एंजेलिसमध्ये झां-लुई विन्य १८३० च्या दशकातच व्यापारी प्रमाणावर वाइन करत होते. हरास्थींचं खरं काम वेगळं. १८६१ मध्ये युरोपभर फिरून त्यांनी सुमारे ३०० वाणांच्या लाखभर काड्या आणल्या आणि उत्तम वाणाचा आग्रह धरला. हे श्रेय मोठंच आहे, त्याला 'पहिले' हे विशेषण लावायची गरज नाही.

दोन, झिन्फंडेल त्यांनी आणली ही गोष्ट अनेक दशकं सांगितली गेली. ती खोटी आहे. हा वाण १८३० च्या दशकातच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रोपवाटिकांत होता आणि तिथून १८५० च्या दशकात कॅलिफोर्नियात आला. पुढे २००१ मध्ये डेव्हिस विद्यापीठाच्या कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनए जुळवून दाखवलं, की क्रोएशियातली त्सर्लेनाक काश्तेलान्स्की आणि झिन्फंडेल एकच. टूरवर कुणी जुनी गोष्ट सांगितली तर नम्रपणे विचारा.

आपल्याकडचा धागाही आहे. नाशिकला सुलानं झिन्फंडेल लावली, आणि त्यांचे सुरुवातीपासूनचे सल्लागार केरी डॅमस्की हे सोनोमा काउंटीतलेच.

आणखी एक नेहमीचा प्रश्न: हरास्थींच्या वेळच्या वेली दिसतात का? मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड कॅलिफोर्नियात पहिल्यांदा १८७३ मध्ये सोनोमातच नक्की झाली. पुढे बागा उपटून अमेरिकन खुंटावर कलमं बांधावी लागली. नाशिक-सांगलीकडे डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात ते मुख्यतः क्षार आणि पाणीटंचाईसाठी, इथे कारण कीड. तंत्र मात्र तेच. जुनी वेल बघायची झाली तर जमिनीलगत कलमाची गाठ शोधा. खालची साल आणि वरची साल वेगळी दिसते.

पायवाट

नापासाठी एकच व्यावहारिक सल्ला, पण तो पाळाच. वर जाताना हायवे २९ नको, सिल्व्हराडो ट्रेलनं जा. थेट कॅलिस्टोगाला पोचा आणि मग २९ नं दक्षिणेकडे उतरत या.

कारण साधं आहे. श्रॅम्सबर्ग, बेल मिल, ग्रेस्टोन (जुनी दगडी वायनरी), बेरिंजर, सगळी ठिकाणं २९ च्या पश्चिम बाजूला आहेत. दक्षिणेकडे येताना ती उजव्या हाताला पडतात, सरळ आत वळता येतं. उत्तरेकडे जाताना प्रत्येक ठिकाणी समोरून येणारी गाड्यांची रांग छेदून डावं वळण घ्यावं लागतं. शनिवारी दुपारी सेंट हेलेनाजवळ त्यातच अर्धा दिवस जातो. फक्त चार्ल्स क्रुग पूर्वेला आहे, तेवढं एक डावं वळण सहन करायचं.

माझा क्रम: सकाळी साडेनऊला कॅलिस्टोगा डेपो (१८६८ चं रेल्वे स्टेशन, क्र. ६८७), मग बेल मिल, क्रुग, बेरिंजर, आणि शेवटी याउंटव्हिलच्या दफनभूमीत जॉर्ज याउंट यांची कबर (क्र. ६९३). नापा खोऱ्यात पहिल्या वेली १८३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लावल्या, वायेहोंच्या बागेतल्या काड्या आणून. त्यांच्या लाकडी गढीचा फलक (क्र. ५६४) गावाच्या उत्तरेला याउंट मिल रोडवर आहे. गढी केव्हाच गेली. तिथे गाडी थांबवायला धड जागा नाही आणि सायकलवाले वेगात येतात, म्हणून मुलांना गाडीतच ठेवून एकानं उतरावं.

श्रॅम्सबर्गला आगाऊ वेळ घेतल्याशिवाय आत जाता येत नाही. नापातल्या बऱ्याच वायनऱ्यांचं तसंच आहे, कारण १९९० च्या काउंटी नियमानंतर परवानगी मिळालेल्यांना भेटी वेळ ठरवूनच द्याव्या लागतात. नुसता फलक बघायचा असेल तर फाटकावर तसं स्पष्ट सांगावं.

आणि आधी फलक, मग टेस्टिंग. गाडी चालवणाऱ्यानं तर नाहीच.

जातं

बेल मिलला पायवाट यांनी एका ओळीत उरकलं, पण संपूर्ण खोऱ्यात माझ्या मते सगळ्यात शिकवणारी जागा ती आहे. द्राक्षांआधी हे खोरं गव्हाचं होतं, हे तिथे कळतं.

एडवर्ड बेल या इंग्रज शल्यविशारदानं १८४६ मध्ये ही पाणचक्की बांधली. आजचं चाक ३६ फूट व्यासाचं, लाकडी. पाणी वरून पडतं, खालून ढकलत नाही. चाकाच्या कडेच्या कप्प्यांत पाणी भरलं की त्या बाजूचं वजन वाढून चाक फिरतं, म्हणजे जोर प्रवाहाच्या वेगाचा नाही, पाण्याच्या वजनाचा. म्हणूनच छोट्या ओढ्यावर एवढं मोठं चाक चालतं. चाक सावकाश फिरतं, आणि आतल्या दातेरी चक्रांनी वेग वाढवून तळी फिरवतात.

दगड फ्रेंच बर जातीचे. एकसंध नसतात: गारेसारख्या कठीण दगडाचे तुकडे जुळवून, मागून प्लास्टर भरून, बाहेरून लोखंडी धाव तापवून बसवलेली असते. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तशीच. दळणाच्या बाजूला खाचा आहेत आणि त्या झिजल्या की पुन्हा टाकी लावावी लागते, अगदी आपल्या जात्याला लावतात तशी. वरची तळी खालच्या तळीला टेकली तर दगड तापतो, पिठाला करपट वास येतो आणि ठिणगीचा धोका. फार वर उचलली तर भरड येते. दळणारा माणूस पीठ अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळून अंदाज घेतो. प्रात्यक्षिक चालू असेल तर तेवढं नक्की बघा.

अडचण ही, की दळण शनिवार-रविवारी असतं, तेही माणसं आणि यंत्रणा धड असतील तरच. फोन करून मगच जावं. दुसरी वाट म्हणजे शेजारच्या बोथी-नापा व्हॅली पार्कमध्ये गाडी लावून हिस्टरी ट्रेलनं चालत येणं. एका बाजूनं सव्वा मैलाच्या आसपास, चढ-उताराचा, वाटेत जुनी दफनभूमी. उन्हाळ्यात सकाळीच, प्रत्येकी लिटरभर पाणी घेऊन.

कोनशिला

जातं यांनी बेलचं नाव काढलं म्हणून सांगतो. हे फलक सुटे वाचले तर दहा वेगळ्या माणसांच्या गोष्टी वाटतात. सोयरीक मांडली की सगळं एका घरात येतं.

बेलची बायको मारिया सोबेरानेस ही जनरल वायेहोंची भाची. जमीन त्या नात्यातून आली. बेलची मुलगी कॅरोलिना चार्ल्स क्रुगला दिली, आणि तिच्याकडून आलेल्या जमिनीवर १८६१ मध्ये क्रुगची वायनरी उभी राहिली. क्रुगकडे मुकादम म्हणून काम केलेल्या जेकब बेरिंजरनं भावासोबत १८७६ मध्ये स्वतःची सुरू केली. इकडे सोनोमात हरास्थींच्या दोन मुलांनी, अटिला आणि आर्पाद यांनी, १८६३ मध्ये एकाच दिवशी वायेहोंच्या दोन मुलींशी लग्न केलं. म्हणजे चौकाचे मालक आणि ब्वेना व्हिस्टाचे मालक सख्खे व्याही.

एवढी वंशावळ कागदावर काढून खिशात ठेवा. कुठल्याही फलकासमोर उभं राहिलात तरी तो माणूस कुठे बसतो ते कळेल.

तांबट आळी

वाचन आणि फोटोबद्दल.

ब्राँझच्या फलकाची अक्षरं उठावाची असतात. ऊन डोक्यावर असलं की सावली पडत नाही आणि फोटोत सपाट तपकिरी पत्रा येतो. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा. अगदी समोर उभं राहू नका, घासून चमकणाऱ्या अक्षरांत आकाश उतरतं. एक पाऊल बाजूला, थोडं झूम, फ्लॅश बंद. फलक पूर्ण सावलीत असेल तर उत्तमच. अर्धं ऊन अर्धी सावली असेल तर सोबतच्या माणसाला छत्री धरायला सांगून सगळा फलक सावलीत घ्या.

दगडात कोरलेली, झिजलेली अक्षरं वेगळी. तिथे मोबाइलचा टॉर्च दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून उजेड आडवा सोडायचा. खाचेच्या एका काठावर सावली येते आणि अक्षर उठून दिसतं. डावीकडून एक, वरून एक, असे दोन फोटो घ्या, कारण उभ्या रेघा आडव्या उजेडात दिसतात आणि आडव्या रेघा वरच्या उजेडात.

खडू, पीठ, शेव्हिंग फोम, पाणी, काहीही लावू नका. खडूचे कण खाचेत बसतात आणि फोममधली रसायनं दगड खातात. कबरीवर कागद ठेवून पेन्सिल घासणंही नको, जुना दगड पोपडे धरून असतो.

प्रत्येक ठिकाणी तीन फोटो: पूर्ण फलक, फक्त तळाच्या दोन ओळी, आणि दहा पावलं मागून आजूबाजूसकट. तिसरा घेतला नाही तर घरी आल्यावर फलक कुठल्या भिंतीवर होता ते आठवत नाही.

पुसट अक्षरे

तळाच्या दोन ओळी! हा मुद्दा ठळक करावा असं वाटतं. फलक कुणी बसवला आणि कधी, हे तिथे असतं, आणि मजकूर त्यानंतरच वाचावा.

'नेटिव्ह सन्स ऑफ द गोल्डन वेस्ट' हे नाव वारंवार दिसेल. १८७५ मध्ये स्थापन झालेली, कॅलिफोर्नियात जन्मलेल्यांची संस्था. वास्तू वाचवण्याचं काम त्यांनी खूप केलं, ते मान्य करायलाच हवं. पण याच संस्थेनं आशियाई स्थलांतराविरुद्ध अनेक वर्षं मोहीम चालवली आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांचं नागरिकत्व काढावं म्हणून कोर्टातही गेली. तिच्या काळातल्या फलकांत बोगदे खोदणारे चिनी मजूर का नाहीत, हा प्रश्न मग पडतच नाही.

'ई क्लॅम्पस व्हायटस' असंही दिसेल. ही हौशी, थट्टेखोर मंडळी. त्यांचे फलक गमतीदार आणि बरेचदा छान असतात, पण सनात सुमारे चार हजारांची भर घालायची त्यांची पद्धत आहे. साठशेच्या घरातला आकडा बघून गोंधळू नका.

बेअर फ्लॅगचंही तसंच. कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोकडे होता. १४ जून १८४६ ला तीसेक अमेरिकन वसाहतवाले पहाटे वायेहोंच्या दारात आले, त्यांना पकडून सटर्स फोर्टला नेलं, आणि अस्वलाचा झेंडा (बेअर फ्लॅग) उभारून वेगळं प्रजासत्ताक जाहीर केलं. ९ जुलैला अमेरिकेचा झेंडा चढला, म्हणजे सगळं मिळून २५ दिवस. मोठ्या शिळेवरचा ब्राँझचा पुतळा जॉन मॅकक्वेरी यांचा, १९१४ चा. तो झेंडा उंच धरणारा तरुण बघून वाटतं की इथे शत्रूचा पाडाव झाला. पकडले गेलेले वायेहो स्वतः अमेरिकेत सामील होण्याच्या बाजूचे होते, आणि मेक्सिकोशी युद्ध मे महिन्यातच जाहीर झालेलं होतं, फक्त बातमी सोनोमापर्यंत पोचली नव्हती. मूळ झेंडा १९०६ च्या सान फ्रान्सिस्कोच्या आगीत गेला. संग्रहालयात दिसतो तो मूळ समजू नका.

ओसरी

वाचते आहे, फार उपयोगी धागा. आईबाबा भारतातून येत आहेत, दोघंही सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात. सोनोमा की नापा, एकच दिवस आहे.

पायवाट

ओसरी, सोनोमाच. सपाट आहे, चौकात भरपूर झाडं आणि बाकं आहेत, आणि दोन ठिकाणांमध्ये गाडी काढावी लागत नाही. वायेहोंच्या घरापर्यंत चालवत नेऊ नका, तिथे वेगळं पार्किंग आहे, गाडीनंच जा. घरात वरच्या मजल्याला जिना आहे. आई खाली थांबल्या तरी चालेल, झऱ्याचं तळं आणि वेलींचा मांडव बाहेरच आहे. लाक्रिमा माँटिस म्हणजे डोंगराचा अश्रू, ते नाव या झऱ्यामुळेच.

चौकाच्या मधोमध दगडी नगरपालिका आहे, तिच्या चारी बाजू सारख्या. भोवतालच्या कुठल्याही दुकानदाराकडे इमारतीची पाठ होऊ नये म्हणून. बाबांना बाकावर बसल्या बसल्या हे दाखवता येईल.

वेलमांडव

आणि ओसरी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असाल तर उन्हाचा अंदाज घ्या. दुपारी ३५ अंश सहज जातं, मिशनच्या जाड मातीच्या भिंतींच्या आत मात्र गार असतं. दुपारी १२ ते २ आत, बाकीचं सकाळी. ऑक्टोबरमध्ये वणव्याच्या सूचना रोज बघाव्या. २०१७ च्या वणव्यात सांता रोझामधलं फाउंटनग्रोव्हचं गोल लाकडी कोठार जळून गेलं. जुन्या पुस्तिकांत आणि याद्यांत ते अजूनही दिसतं, त्यासाठी वाट वाकडी करू नका.

ओसरी

धन्यवाद दोघांना. एक शेवटचं: यादीत दिलेल्या पत्त्यावर फलक सापडलाच नाही तर?

कोनशिला

असं बऱ्याचदा होतं, आणि कारणं तीन. एक, राज्याच्या यादीतलं ठिकाण 'अमुक चौकाच्या उत्तरेला अर्धा मैल' अशा जुन्या मापानं दिलेलं असतं आणि चौक सरकलेला असतो. दोन, रस्ता रुंद करताना फलक उचलून जवळच्या पार्किंगमध्ये किंवा भिंतीवर हलवतात. तीन, ब्राँझला भंगारात भाव असल्यामुळे चोरी. नुसता दगड आणि चार खिळ्यांची भोकं दिसली तर समजायचं.

जाण्याआधी एचएमडीबी या फलकांच्या खुल्या संग्रहात नाव टाकून बघा. लोकांनी काढलेले फोटो आणि अक्षांश-रेखांश मिळतात. फोटोतली मागची भिंत किंवा झाड ओळखून शोधणं नकाशातल्या टाचणीपेक्षा भरवशाचं. तिथे पोचल्यावर दोन्ही बाजूंना शंभर पावलं चाला, फलक बरेचदा गाडीतून दिसणाऱ्या बाजूला नसून फुटपाथकडे तोंड करून असतो.

खरंच नाहीसा झाला असेल तर रिकाम्या दगडाचा फोटो, तारीख आणि ठिकाण राज्याच्या ऑफिस ऑफ हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशनला कळवा. फलक गेला म्हणून लँडमार्कचा दर्जा जात नाही. पण फलकाचा खर्च मुळात अर्जदार किंवा स्थानिक संस्था करते, त्यामुळे नवा बसायला वेळ लागतो, आणि कुणी कळवलंच नाही तर बसतही नाही. कळवताना लँडमार्कचा क्रमांक लिहायला विसरू नका, एकाच नावाच्या दोन-दोन जागा असतात.